दीड वर्षाची, अकरा रत्तल

परळच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा एकोणीस वर्षांची विधवा होते. रविवारी गिरण्या बंद असत. त्या दिवशी आमच्या डॉक्टरीणबाई लहान मुलांची वजनं करून घेत. पोर काय खातं, दिवसा कोण सांभाळतं, हे आयांना विचारून वहीत लिहायचं काम माझं. काट्यात घातलं की दृष्ट लागते म्हणून बायका कचरत. मी आधी पोराच्या गालाला काजळ लावी, मग त्या देत.

एकदा रत्नागिरीकडची एक बाई आली. नवरा वारलेला, ती गिरणीत सूत गुंडाळायच्या कामावर. मुलगी दीड वर्षाची, भरली अकरा रत्तल, म्हणजे जेमतेम पाच किलो. दंड माझ्या दोन बोटांच्या कडीत सैल बसला. काट्यात घातली तरी ती रडली नाही.

"दिवसा कोणाकडे असते?"

"चाळीतल्या म्हातारीकडं. ती गोळी देते, मग निजून ऱ्हाते."

"अगं, अफू असते त्यात! भूकच मरते. आजपासून बंद कर."

"बाई, गोळी नाय दिली तर रडते. रडतं पोर म्हातारी ठेवून घेत नाय. मी घरी बसले तर मोठी दोघं खातील काय?"

मी आवाज चढवला. "मग मरू दे तिला!"

ती कामावर जायची थांबली. चार रविवार मुलीला घेऊन आली. चौथ्या रविवारी मुलगी साडेबारा रत्तल भरली आणि काट्यातच भोकाड पसरून रडली. आम्ही दोघी हसलो.

पुढचे दोन रविवार ती आली नाही, तेव्हा मी लालबागेत तिच्या चाळीत गेले. शेजारणीनं सांगितलं ते असं: घरात दाणा उरला नाही तशी ती पुन्हा गिरणीत गेली. म्हातारीनं नकार दिला. आठ वर्षांची थोरली बहीण धाकटीला सकाळची पेज संध्याकाळपर्यंत पाजत राहिली. हगवण लागली आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं.

तेवढ्यात ती कामावरून आली. केसांत कापसाचे तंतू होते. ती शिव्या देईल म्हणून मी उभीच राहिले. तिनं चटई पसरली, मला बसवलं.

"बाई, तुमी सांगितलंत तसंच केलं. गोळी परत नाय दिली."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वही पुढे ओढली. "कारण काय लिहू?"

"हगवण," मी म्हटलं.