आबांनी न प्यायलेली दारू

पाहुण्यांनी आबांचे दोन्ही हात आपल्या हातात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते इंग्रजीत म्हणाले, "दारू सोडायला अजून उशीर झालेला नाही. देव तुम्हाला क्षमा करील. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन."

शेजारी आमचे ब्रदर उभे होते. त्यांनी मराठीत सांगितलं, "साहेब म्हणतात, फार गुणी मुलगी आहे तुमची. तुम्ही भाग्यवान."

आबा लाजले. "थँक्यू सर," म्हणाले. मग पुन्हा एकदा, "थँक्यू."

आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही.

मी दोन पावलांवर उभी होते. मला दोन्ही भाषा कळत होत्या. ब्रदरना हे माहीत होतं.

हे सगळं मीरा रोडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये घडलं. हॉल आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, भाड्याने घेतला होता. परदेशातून दहाबारा जण आले होते. त्यांच्या शहरात म्हणे आपल्याकडची, चीनकडची, इकडची-तिकडची बरीच माणसं राहायला आली होती. त्यांना सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, कशी सांगायची, ते शिकायला हे लोक इथे आले होते. विषय होता, आशियाई लोकांमध्ये ख्रिस्ताची साक्ष. त्या आठवड्यापर्यंत मी आशियाई आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाकी मी कोण आहे ते सगळ्यांनी सांगून झालं होतं.

मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. त्यांचे प्रमुख, तेच ते पाहुणे, फळ्यावर लिहून बाकीच्यांना शिकवत होते. आशियाई माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. वडीलधाऱ्यांचा मान राखायला तो गप्प बसतो. त्याने मान हलवली म्हणजे त्याला पटलं असं समजू नका. मी ते वहीत उतरवून घेतलं. मला ते खरंही वाटलं.

शेवटच्या दिवशी एक खरी साक्ष, म्हणजे कुणी ख्रिस्ताकडे कसं आलं त्याची हकिगत, ऐकवायची होती. ब्रदरनी माझं नाव दिलं. मी म्हटलं, "ब्रदर, मी इंग्रजीत बोलते. तयारी केलीय मी."

"अगं नको. मराठीतच बोल. त्यांना ते जेन्युइन वाटतं. मी ट्रान्सलेट करतोय ना. आणि तो पंजाबी ड्रेस नको हां, साडी नेस. साधी."

ब्रदरबद्दल सांगायला हवं. मंडळीचे पुढारी तेच. त्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. तरी घराण्याचा विषय निघाला की ते म्हणायचे, "आम्ही मूळचे देशस्थ." चार पिढ्या झाल्या, प्रभूने सगळं धुतलं, तेवढं राहिलं. पण मला इंग्रजी त्यांच्याच घरी आलं. त्यांच्या पत्नीने मला संध्याकाळी बसवून व्याकरण शिकवलं, वाचन घेतलं, चहा दिला. मी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मुलगी. आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्या घराचे उपकार मी विसरले नाही. आजही विसरत नाही. म्हणून तर हे सांगायला इतकी वर्षं गेली.

आमचं घर बौद्ध. पेणकरपाड्यात एक खोली. आबा इंद्रलोकमधल्या एका बिल्डिंगला वॉचमन. मी ख्रिस्ती व्हायचं ठरवलं तेव्हा आबांनी मला समोर बसवलं. मग म्हणाले, "माझ्या बापानं बी धरम बदलला व्हता. पन इचार करून. तू इचार केला का, माय?"

"केला, आबा."

"मंग कर. मला नको वढू त्यात."

तरी साक्षीच्या दिवशी मीच त्यांना ओढून नेलं. मुलगी स्टेजवर बोलणार म्हणून ते पांढरा शर्ट घालून आले. मागे, दरवाजाजवळ बसले.

मी उभी राहिले. म्हणाले, "माझी आई किडनीच्या आजाराने गेली. तिच्या दुखण्यात मंडळीतली एक बाई रोज आमच्या खोलीवर यायची. आईचे पाय चेपायची. तिचा देव कोण, ते मला बघावंसं वाटलं."

ब्रदरनी इंग्रजीत सांगितलं, "हिची आई रोज नवऱ्याचा मार खाऊन खंगली आणि गेली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पुढचं बोलले. "आई गेल्यावर आबांनी डबल ड्यूटी धरली. पण माझं कॉलेज सुटू दिलं नाही."

ब्रदर म्हणाले, "हिचा बाप ड्रंकर्ड." तो शब्द त्यांनी सावकाश उच्चारला. "त्याने हिची पुस्तकं जाळली. घरात अंधार होता. मग प्रभू आला."

मी थांबले. ब्रदरनी माझ्याकडे बघितलं. हसले. "बोल पुढे," म्हणाले.

हॉलमधल्या बायका डोळे पुसत होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे आबांनीही वाजवल्या.

आणि मग पाहुणे स्टेजवरून उतरून थेट आबांकडे गेले. तिथपर्यंत मी गप्प होते. फळ्यावर लिहिल्याप्रमाणे गप्प. पण आबा दुसऱ्यांदा थँक्यू म्हणाले आणि मी पुढे झाले.

"सर, माय फादर डझ नॉट ड्रिंक," मी म्हणाले. "ही हॅज नेव्हर ड्रंक. ही नेव्हर हिट माय मदर."

पाहुण्यांनी ब्रदरकडे पाहिलं. ब्रदर म्हणाले, "शी इज इमोशनल."

पाहुण्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चहाकडे गेले. आशियाई माणसाच्या डोक्याला हात लावू नये, असं त्यांनीच सकाळी शिकवलं होतं.

आबा विचारत होते, "काय झालं गं? काय म्हनू लागली तू त्याह्यला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. तिथेच, हॉलमध्ये, शब्दाला शब्द. आबांनी ऐकलं. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

ब्रदरनी मला जिन्याकडे नेलं. रागावले नाहीत ते. समजावत होते.

"हे बघ, बाहेरच्या लोकांना असं सांगितलं की त्यांच्या मनाला भिडतं. काम पुढे जातं. तुझ्यासाठी थोडंच आहे ते?"

"पण खोटं आहे ते, ब्रदर."

"खोटं कसं? तुझ्या बापात नसेल. तुमच्यात असतंच की."

तुमच्यात. मी त्या शब्दाकडे बघत राहिले. उपासनेत ते म्हणायचे, आपण सगळे एका शरीराचे अवयव. प्रभुभोजनाला आम्ही एका भाकरीचे तुकडे घेतले होते. आणि जिन्यात मी तुमच्यात होते.

"तुला इंग्रजी कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या घरात शिकले. म्हणून कळलं."

आबा आणि मी पायी घरी आलो. खोलीचं कुलूप काढताना आबा म्हणाले, "मी थँक्यू म्हनलो गं त्याला." मग आत गेले. "दोनदा म्हनलो."

मला वाटलं होतं, झालं तेवढं झालं. पण इंद्रलोकमधल्या आबांच्याच बिल्डिंगमध्ये राहणारी एक बाई त्या दिवशी हॉलमध्ये होती. मी पाहुण्यांना काय सांगितलं ते तिने ऐकलं नव्हतं. स्टेजवरचं ब्रदरचं इंग्रजी ऐकलं होतं, मराठी तिला जेमतेम कळायचं. दोन दिवसांनी सोसायटीचा सेक्रेटरी गेटवर आला. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर आबांना म्हणाला, "काका, जरा मुँह खोलो. फूंक मारो."

आबांनी तोंड उघडलं. फुंकर मारली. एका दूधवाल्यासमोर, शाळेच्या बसला थांबलेल्या पोरांसमोर. ज्या पोरांना ते रोज हात धरून रस्ता ओलांडून द्यायचे.

वास आला नाही. सेक्रेटरी म्हणाला, "ठीक है. कंप्लेंट आली होती, म्हणून बघितलं."

आबांनी हे मला सांगितलं नाही. शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमन आमच्या पाड्यातला, त्याने सांगितलं. हसत सांगितलं. "तुझ्या बापाची टेस्ट घेतली. पास झाला."

तेव्हा मला कळलं. खोटं माइकवर सांगितलं गेलं होतं. खरं मी मागे दरवाजाजवळ सांगितलं होतं.

मी ब्रदरच्या घरी गेले. म्हटलं, रविवारी माइकवर सांगा की ते खरं नव्हतं. ते म्हणाले, "पाहुणे अजून इथेच आहेत. मंडळीची इज्जत आहे. तू प्रार्थना कर, तुला शांती मिळेल." त्यांच्या पत्नी आत होत्या. बाहेर आल्या नाहीत.

आमच्या मंडळीत दर रविवारी साक्षीची वेळ असते. कुणीही हात वर करावा, पुढे यावं. कुणाला नोकरी लागली, कुणाचा ताप उतरला, ते सांगावं. मी हात वर केला. ब्रदरनी बघून न बघितल्यासारखं केलं. मी उठून पुढे गेले आणि माइक घेतला. आधी इंग्रजीत बोलले, कारण पाहुणे पहिल्या रांगेत होते.

"माझे वडील दारू पीत नाहीत. कधीच प्यायले नाहीत. माझी आई किडनीच्या आजाराने गेली. मागच्या वेळी माझ्या नावावर जे सांगितलं गेलं ते खोटं होतं."

मग तेच मराठीत सुरू केलं. अर्ध्यावर ब्रदर दुसऱ्या माइकवर उभे राहिले. "आपण प्रार्थना करूया," म्हणाले.

हे ज्याने मंडळी पाहिली नाही त्याला कळणार नाही. प्रार्थना करूया म्हटलं की प्रत्येक मान खाली जाते. प्रत्येक डोळा मिटतो. लहान मूलसुद्धा बोलत नाही. प्रार्थनेत कुणी बोलतच नाही. भांडण मिटवायचं असलं, कुणाला गप्प करायचं असलं, की याहून मोठं कुलूप नाही.

सगळ्या माना खाली गेल्या. ब्रदर मोठ्या आवाजात, "हे प्रेमळ पित्या." माझ्याही मानेला सवय होती, ती खाली जाऊ लागली. मी ती धरून ठेवली.

आणि मी प्रार्थनेत बोलले. डोळे उघडे ठेवून. त्यांचा आवाज चढला तसा माझाही चढवला. "माझ्या वडिलांना गेटवर तोंड उघडायला लावलं. ते दारुडे नाहीत. माझं शिक्षण त्यांनी केलं. आमच्या घरात अंधार नव्हता." शेवटपर्यंत बोलले. इंद्रलोकमधली ती बाई मिटल्या डोळ्यांनी सगळं ऐकत होती. पाहुण्यांनी मात्र डोळे उघडले होते. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही.

माइक ठेवला आणि मी बाहेर आले. मागे आमेन ऐकू आलं.

मंडळीच्या मराठी कामासाठी सेविका म्हणून मला घ्यायचं ठरलं होतं. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. मी पश्चात्ताप करावा असा निरोप आला. मी केला नाही. आबांना सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बरं केलं. पन आता त्या मान्सांत मला बोलवू नको. तू देवाचं बोलताना बी नको." माझे आबा माझी साक्ष कधीच ऐकणार नाहीत. हे त्या हॉलने माझं घेतलं, आणि ते परत मिळालेलं नाही.

माझा ख्रिस्तावरचा विश्वास गेला नाही. तो माझ्या आईचे पाय चेपणाऱ्या हातांतून माझ्याकडे आला होता. ब्रदरच्या माइकमधून आलाच नव्हता, तर त्यांच्यामुळे जाईल कसा? मी आजही सुवार्ता सांगते. पेणकरपाड्याच्या खोल्यांमध्ये, मोरवा गावात, कुणी बस म्हटलं की बसते. बायका विचारतात, "तुझ्या देवाकडे यायचं तर आमच्या आईबापाला नावं ठेवावी लागतात का?" मी नाही म्हणते. ठेवायला लावणारा कुणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा, म्हणते.

मला आता भाषांतर करणारा नको. माझं मराठी मी बोलेन, माझं इंग्रजीही मीच बोलेन. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला कळेल अशा भाषेत, त्याच्या तोंडावर बोलेन. उपकारांच्या बदल्यात माझा बाप कुणाला देणार नाही, तो विश्वासात नसला तरीही. आणि कुणी मध्येच प्रार्थना सुरू केली, तर मी डोळे मिटणार नाही.