तिच्या तोंडचं वाक्य
कपाट आवरताना वीस बाजूंचा फासा सापडला आणि मांडवीची ती खोली आठवली. रविवारी दुपारी आम्ही चौघं तिथे एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचो; पात्राने केलेलं साधलं की फसलं, ते फासा ठरवायचा. खिडकीतून सुकत्या मासळीचा वास यायचा. एका रविवारी आमच्यात नवीन आलेली, अबोल मुलगी गोष्टीतल्या किल्ल्याच्या पहारेकऱ्याशी काय बोलावं, याची मनात जुळवाजुळव करत होती. तोच मी ओरडलो, "अगं, बोलत काय बसतेस? सरळ तलवार काढ!" आणि तिचा फासाही मीच टाकला. "मग माझं पण तूच खेळ ना रे," ती हळूच म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. मी ते हसण्यावारी नेलं. पुढे माझ्या अशाच घुसण्याला कंटाळून बाकीच्यांनीही मला बोलावणं सोडलं. आता रविवारची दुपार माझ्या एकट्याची असते. पहारेकऱ्याला ती काय म्हणणार होती, हे मी तिला कधी विचारलंच नाही.