चार बोटांचा प्ले

मिस्त्रींनी पोत्यावर दोन रॅक ठेवल्या. स्टेअरिंगचं वळण चाकांपर्यंत पोचवणारी ही वस्तू. एक कोरी, दुसरी कुठल्याशा गाडीतून काढलेली. मी दोन्ही हलवून पाहिल्या. जुनी किंचित खुळखुळली, आणि मला तीच आवडली.

आमच्या म्हाताऱ्या पिकअपच्या स्टेअरिंगला चार बोटांचा प्ले होता. तेवढं ते नुसतंच फिरायचं, मग चाकं ऐकायची. त्यामुळे वळण यायच्या आधीच हात वळवावे लागत. ते फक्त मला जमायचं. माझी बायको सुनंदा दोनदा चालवायला बसली आणि घाबरून उतरली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

"नवीच टाका," मिस्त्री म्हणाले. "मग कुणीही चालवील."

कुणीही! एखादं विक्षिप्त माणूस फक्त आपलंच ऐकतं, याचा केवढा तोरा असतो आपल्याला. ते सगळ्यांशी सरळ वागायला लागलं की पोटात दुखतं.

"नवीच," सुनंदा म्हणाली. "नर्सरीतली रोपं मीच नेत जाईन आता."

परतताना तीच चालवत होती. गाडी तिचं मुकाट ऐकत होती. शेजारी बसलेल्या माझे हात मांडीवर होते, आणि प्रत्येक वळणाआधी ते आपोआप चार बोटं वळत होते.