अक्काच्या घरी

धुळ्यात हाडांच्या वॉर्डात मी नर्स आहे. माहेर मुक्ताईनगरकडचं. आईवडील गेल्यावर तिकडे जाणं कमी झालं. लग्न केलं नाही. देवपुरात एका खोलीत राहते. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी भाजी घेताना आवाज घोगरा निघतो, तेव्हा लक्षात येतं की सकाळपासून आपण कुणाशी बोललोच नाही.

एकदा पारोळ्याजवळच्या खेड्यातली एक म्हातारी वॉर्डात आली. अंगणात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. घरचे तिला अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. ऑपरेशन चांगलं झालं, पण अक्का पाय टेकवायला तयार होईना. व्यायाम शिकवणारे डॉक्टर आले की डोळे मिटून घ्यायची. शेवटी मीच तिच्या काखेत हात घातला.

"सोडशी नही ना माले?"

"नाही सोडत. टाक पाय."

खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाबरोबर उठेना. सुनेनं आणलेली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी अर्धी माझ्यासाठी फडक्यात बांधून ठेवायची. "बठ आठे. जेव पयले," म्हणायची. मी स्टुलावर बसून खायचे आणि ती माझ्याकडे बघत राहायची.

"एकलीच राहस तू?" तिनं एकदा विचारलं.

"हो."

"मंग आजारी पडनी तर?"

मी तिच्या पायाखालची उशी सारखी केली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. आईनंतर तसा कुणी फिरवला नव्हता.

घरी जाताना अक्का रडली. "घर ये. येशी ना?"

असं सगळेच पेशंट म्हणतात. आम्हीही हो म्हणतो आणि जात कुणीच नाही. मी गेले. सुट्टी पाहून पारोळ्याची एसटी धरली, पुढे रिक्षा केली. वाटेत मनात होतं, सून भाकरी थापेल आणि आम्ही दोघी चुलीजवळ बोलत बसू.

घर भरलेलं होतं. मुलगा, सून, नातवंडं, शेजारच्या बायका. मुलानं प्लास्टिकची खुर्ची पुसून ओसरीवर ठेवली. आतून अक्का वॉकर घेऊन आली, सावकाश, पण आपल्या पायांनी. मला पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या मॅडम. बसा."

मला वाटलं थट्टा करतेय. "अक्का, मी गं," म्हटलं.

"ओळखलं ना. तुम्ही कशाला एवढा त्रास घेतला?"

एकेक शब्द ती शहरातल्यासारखा जपून बोलत होती. चहा आला, बशीत फरसाण आलं. एका शेजारणीनं आपल्या गुडघ्याचा एक्स-रे आणून माझ्या हातात दिला, दुसरीनं गोळ्यांचं पाकीट. मी बघितलं, काय ते सांगितलं. अक्का खाटेवर बसून त्या बायकांकडे मोठ्या तोऱ्यात बघत होती. नात तिला बिलगली होती आणि अक्काचा हात तिच्या केसांतून फिरत होता.

निघताना सुनेनं कुंकू लावलं, ब्लाउजपीस दिला.

"येते अक्का. जपून चाला," मी म्हणाले. तिला 'चाला' म्हटलं, हे मला फाट्यावर एसटीची वाट बघताना जाणवलं.

राग नव्हता. वॉर्डात ती घाबरलेली होती, तेव्हा तिला कुणीतरी हवं होतं. आता तिची माणसं तिच्याभोवती होती. हे सगळं कळत होतं, तरी गाडीत खिडकीकडे तोंड करून मी रडले.

पुढे तिचा मुलगा गोळ्या न्यायला वॉर्डात आला. "आई आता वॉकरशिवाय चालते," म्हणाला. "अन् गल्लीत बठ्ठास्ले, ज्याला त्याला सांगते, धुळ्याच्या मॅडम मला बघायला घरी आल्या होत्या."

मी हसले. गोळ्या कधी द्यायच्या ते त्याला नीट समजावून सांगितलं. तो गेला. भिंतीकडच्या खाटेवरच्या बाईला पाणी हवं होतं, मी तिकडे गेले.