मी वाढवलेला रकाना

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. गेल्या आठवड्यात एका परिसंवादाची पत्रिका आली – विषय, माहितीची गोपनीयता आणि डिजिटल नीतिमत्ता. वक्त्यांत माझं नाव. त्याखाली छापलंय, ‘या विषयातला जाणता आवाज’. पत्रिका टेबलावर पालथी पडून आहे.

मला याद्या करायला आवडतात. किराणा, औषधं, लग्नाची आमंत्रणं – माझ्या यादीत चूक सापडत नाही. वाळूजच्या कारखान्यात टाइम ऑफिसला टिकले तीही याच गुणावर. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा हंगामी कामगारांची कार्डं त्यात भरायचं काम माझ्याकडे आलं. नाव, पत्ता, हजेरी.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदलणार की नाही – कँटीनमध्ये माणसं आवाज खाली करून बोलत. हंगामी कामगारांना कायम करावं लागू नये म्हणून काही महिन्यांनी ब्रेक द्यायचा आणि मग परत बोलवायचं, ही तिथली रीत. त्या वेळी साहेब म्हणाले, “कोण किती गैरहजर, एवढं काढून द्या. गडबड करणारे परत नकोत.”

एवढंच म्हणाले. गैरहजेरी. आणि मी – मी एक रकाना वाढवला. जात कार्डावर नव्हती. पण एप्रिलमधली जयंतीची रजा कुणी मागितली, ते अर्जांत होतं. वस्ती पत्त्यात होती. दोन्ही जुळवलं की झालं. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. यादी पूर्ण दिसावी, शाबासकी मिळावी – आणि खरं सांगू? त्या लोकांबद्दल आमच्या घरी जे बोललं जायचं, ते मला चुकीचं वाटत नव्हतं.

शकुंतला पॅकिंगला होती. माझ्यासोबत डबा खायची. तिनं जयंतीची रजा कधीच मागितली नव्हती. पत्ताही त्या वस्तीतला नव्हता. गारखेड्यात भाड्याची खोली होती, आणि घरमालकाला जात कळू नये म्हणून ती जपून असायची. हे तिनंच मला सांगितलेलं. “तुमच्या पोटात राहू द्या ताई, नायतर खोली जाईल.” अर्जांवरून तिचं नाव निघालंच नसतं. मी तिच्या नावापुढे खूण केली. का? मला माहीत असून रकाना रिकामा ठेवला, तर यादी चुकेल म्हणून.

ब्रेकनंतर खूण असलेल्यांपैकी कुणालाच बोलावणं गेलं नाही.

शकुंतला टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. “ताई, लई दिवस झाले. तुमच्या त्या मशीनमधी बघा की, माझं नाव कुठं अडकलंय.” हसत होती. मी पडद्याकडे बघितल्यासारखं केलं. म्हणाले, “यादी वरून येते गं. माझ्या हातात काय आहे?”

“व्हय, तुमच्या हातात असतं तर तुमी घेतलंच असतं मला.”

मी मान हलवली. ती बसस्टॉपकडे निघाली. ती दिसेनाशी झाल्यावर मी तिची नोंद उघडली. पुढंमागं कुणी विचारलं तर उत्तर असावं म्हणून तिच्या नावापुढे शेरा टाकला – ‘बोलावूनही आली नाही’.