मागच्या भिंतीतलं ठिगळ

आमच्या ॲशकोम हाउसवर ते जुनं घर बघायला येणारे पाहुणे पुढूनच भाळतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. लाल विटांत काळ्या-निळ्या विटांचे शंकरपाळे, खिडक्यांवर टोकदार कमानी, वर पीळदार धुराडी. व्हिक्टोरिया राणीच्या ऐन भराच्या काळात एका खिळ्यांच्या कारखानदारानं हे घर बांधलं. आपण आता कोण झालो हे गावाला कळावं म्हणून त्यानं पुढची एकही वीट गप्प ठेवली नाही. मागे मात्र, जिथून फक्त मोलकरणी आणि कोळसेवाला यायचा, तिथे त्यानं हात आखडता घेतला. नक्षी नाही, कमान नाही. पण बांधणी तिथेही चोख: एक वीट लांबीनं, पुढची टोकानं, पुन्हा एक लांबीनं.

या चोख भिंतीत स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक भलंमोठं ठिगळ आहे. त्यातल्या सगळ्या विटा लांबीनंच लावलेल्या, रंग गाजरासारखा, आणि मधे सिमेंट असं थापलंय की जणू घाईत पोळीला जाम लावला असावा. पुढची बाजू दाखवायला आमच्याकडे चार गाईड आहेत. मागची बाजू एकट्या मॅव्हिस ट्रॅन्टरबाईंची.

ऐंशी ओलांडलेल्या मॅव्हिसबाई मोरीतला दगडी हौद, कपडे पिळायचं यंत्र, सगळं दाखवून लोकांना ठिगळासमोर उभं करायच्या.

"आणि ही कुण्या गाढवाची करामत," त्या काठीनं दाखवायच्या. "पिऊन बांधलंय की डोळे मिटून, देव जाणे!"

लोक पोट धरून हसायचे.

ते गाढव म्हणजे मॅव्हिसबाईंचा नवरा, क्लिफ. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं, एकदा कप विसळताना, आणि वर कुणाला न सांगण्याची तंबी दिली होती. मधल्या काळात या घराच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या आणि हे दोघं स्वयंपाकघरात राहायचे. एका जानेवारीत कोळशाचा ट्रक मागे घेताना भिंतीवर आदळला. दाराशी ठेवलेल्या बाटल्यांत दूध गोठावं अशी थंडी, घरात तान्हं बाळ, आणि मालक म्हणाला, वसंत ऋतूत बघू. क्लिफ बसचा कंडक्टर. त्यानं आयुष्यात कधी थापी धरली नव्हती. शेजारच्या पाडलेल्या धोबीघराच्या विटा त्यानं बाळाच्या गाडीतून वाहून आणल्या आणि रविवारच्या रविवारी ते भगदाड बुजवलं.

"मग कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा पोरीचे पाय गरम लागले गं," मॅव्हिसबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही त्याला गाढव म्हणता?"

"तो होता तेव्हाही म्हणायचे. आता बंद केलं तर तो गेला असं वाटेल ना मला."

तीस वर्षं इथे इंग्लंडात काढल्यावर मला एवढं कळलंय की ही इंग्रज माणसं ज्याच्यावर जीव टाकतात त्याची टिंगल करतात. तोंडभरून कौतुक सुरू झालं की समजावं, माणूस काही पसंत पडलेला नाही. पण मॅव्हिसबाईंची टिंगलही तसलीच हे कळायला बाकीच्यांना आधी खरी गोष्ट ठाऊक हवी ना!

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मॅव्हिसबाई गाईडचं काम सोडणार होत्या. निरोपाला चहा झाला, फळांचा केक झाला, आणि हे घर सांभाळणाऱ्या आमच्या समितीचा अध्यक्ष गॉर्डन हॅलम उभा राहिला. मनाचा मऊ, पण आवाज दवंडी पिटणाऱ्याचा.

"मॅव्हिस, इतकी वर्षं तू त्या ठिगळाच्या नावानं बोटं मोडलीस. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढलीय. परवानगी आली, जुन्या भट्टीच्या विटा मिळाल्या. सोमवारी गवंडी येतोय. तुझं गाढव चाललं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅव्हिसबाईंनी कप बशीत ठेवला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "कशाला एवढी तसदी? किती छान."

अंगावर छप्पर कोसळलं तरी इथे लोक हेच म्हणतील. मला मनस्वी चीड आली. मी त्यांना कोपऱ्यात गाठलं.

"सांगून टाका ना!"

"गप्प बस. किती मायेनं केलंय त्यांनी. तोंडावर कसं मोडू?"

"आणि भिंत?"

"भिंतच आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसरीकडे बघू लागल्या.

सोमवारी सगळे मागच्या अंगणात जमले. गवंड्यानं चुना कालवून ठेवला होता. गॉर्डननं कहर केला. त्यानं छिन्नी आणि हातोडा मॅव्हिसबाईंच्याच हातात दिला.

"पहिला घाव तुझा. तो मान तुझाच."

मॅव्हिसबाई काठी माझ्याकडे देऊन भिंतीपाशी गेल्या. त्यांनी छिन्नी सिमेंटवर टेकवली. मग छिन्नी खाली आली आणि त्यांचा तळवा गाजरी विटांवर टेकला. तो तिथेच राहिला.

गॉर्डनला वाटलं, म्हातारीला जोर पुरत नाही.

"हाण, मॅव्हिस! दाखव त्या गाढवाला!"

मॅव्हिसबाई वळल्या. त्यांचा एवढा चढलेला आवाज आम्ही कधीच ऐकला नव्हता.

"गाढव म्हणायचं नाही त्याला!"

"अगं, पण तूच तर दर रविवारी..."

"मी म्हणेन. मी बायको आहे त्याची."

गॉर्डननं विटांकडे पाहिलं, मग मॅव्हिसबाईंकडे. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, अलगद त्यांच्या हातातला हातोडा घेतला आणि गवंड्याला म्हणाला, "विटा परत गाडीत भर."