मोतलिब चाचांच्या दारातले जोडे

तपासणीची बाई गुरुवारी अकराला येणार, हे जुबेदने घरमालकाला दोन दिवस आधी सांगितलं आणि वर शेपूट जोडलं, "चाचा, जरा नीट पाहुणचार करा." इंग्लंडातल्या ओल्डहॅममध्ये सात वर्षं हॉटेलच्या तंदूरसमोर भाजून निघालेल्या माणसाला एवढीही अक्कल असू नये!

कारण मोतलिब चाचांचं घर म्हणजे रांगेतल्या लाल विटांच्या तीन खोल्या. पण मशिदीबाहेर गप्पांना उभे राहिले की त्याची हवेली व्हायची. "माझ्याकडे रोज वीस पानं उठतात," हे ऐकून नवखा माणूस माशाल्ला म्हणायचा. गरम पाण्याचा खटका मात्र चाचांच्याच हुकमात. जुबेदची आंघोळ लांबली की दारावर थाप पडे, "अरे, गावची सुरमा नदी सोडलीस काय आत?"

जुबेदची बायको शाहनारा अडीच वर्षं तिकडे बांगलादेशात, बियानीबाजार गावी बसून होती. व्हिसासाठी पुरावा हवा होता की जोडप्याला स्वतंत्र खोली आहे आणि घरात माणसांची दाटी नाही. अर्ज भरायची तारीख पुढच्याच आठवड्यात. ती चुकली की पुन्हा सहा महिने फोनवरचा संसार.

गुरुवारी मिसेस प्रेस्कॉट दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. जोडे, चपला, पोरांचे बूट. पेनाच्या टोकाने त्यांनी मोजले: एकोणीस जोड. चाचांनी दोन्ही मेहुणे पोराबाळांसकट बोलावले होते, आणि बैठकीत रजयांची छताला टेकेल एवढी चळत रचली होती. भरल्या घराची शोभा!

"इथं राहतं कोण कोण?" बाईंनी विचारलं.

जुबेदने तोंड उघडायच्या आत चाचा छाती काढून म्हणाले, "सगळे! आमच्यात दार कुणाला बंद नसतं, मॅडम."

मॅडमनी तसंच लिहून घेतलं. "खोली ठीक आहे. घरात दाटी आहे. दाटी नाही असा अहवाल मी देऊ शकत नाही." आणि गेल्या.

"बाईला रीतभात नाही," चाचा म्हणाले. "गोश्ताला हात नाही लावला."

"चाचा, इथं तुम्ही, चाची आणि मी. तीन म्हणायला काय झालं होतं?"

"मोतलिब मियांच्या घरात तीन माणसं? लोक तोंडात शेण घालतील."

"कोण लोक? ती बाई?"

जुबेदने बाईंना फोन करून, गयावया करून, मंगळवारची फेरतपासणी मिळवली. आता घरमालकाचं पत्र हवं होतं, राहणाऱ्यांचा आकडा घालून. चाचांनी दाढी कुरवाळली. "शाहनाराला सांग, येताना आपल्याकडच्या सातकडा लिंबाचं लोणचं आणायचं. तिच्या आईच्या हातचं. मोठी बरणी."

"आणेल."

मग सही झाली. आकडा लिहिला 'सध्या तीन'. 'सध्या' चाचांच्या हट्टाचं.

मंगळवारी जुबेद सकाळपासून दारात उभा. धाकटा मेहुणा सहज म्हणून आला होता, त्याला त्याने फाटकावरूनच परतवला. जोडे तीन. बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. चाचा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत राहिले. "तसे आम्ही पुष्कळ... म्हणजे मुलगे..."

"तीन," स्वयंपाकघराच्या दारातून सोफिना चाची म्हणाल्या. "मुलगे ल्यूटनला गेले, सहा वर्षं झाली. ईदलासुद्धा येत नाहीत. लिहा, तीन."

चाचा वळून गरम पाण्याच्या खटक्याकडे बघत बसले, जणू तो आत्ताच कुणी भिंतीवर बसवला होता. बाईंनी खोली फितीने मोजली, फोटो काढले, होकार लिहिला.

जुबेदला जरा कीव आली. ती संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. मशिदीबाहेर चाचा सांगत होते, "सरकारची बाई दोनदा आली माझं घर बघायला. एवढं घर एका फेरीत बघून होतं काय?" बाई सरकारची नव्हती, तिची फी दोन्ही वेळा जुबेदने भरली होती.

पानगळीत शाहनारा आली. बरणी दोन साड्यांत गुंडाळून, अख्खी. ती जुबेदने खोलीत तांदळाच्या पोत्यामागे सरकवली.

"देऊन टाका की त्यांना," शाहनारा म्हणते.

"देऊ."

जिन्यात चाचा रोज आडवे येतात. "काय रे, लोणचं?"

"मुरतंय, चाचा," जुबेद अदबीने बाजूला होत म्हणतो. "अजून मुरतंय."